चालकाचं नाव

फॉर्मवर चालकाच्या नावासाठी एकच ओळ आहे असं बाळ्या म्हणाला, तेव्हा तो खोटं बोलत होता. ओळी चार होत्या. मला चष्मा लागलाय, पण मी आंधळी नाही. बाळ्या म्हणजे माझा धाकटा भाऊ बाळकृष्ण. त्याच्या बाळकुमच्या फ्लॅटमध्ये, चौदाव्या मजल्यावर, काचेच्या डायनिंग टेबलाशी आम्ही चौघं बसलेलो: मी, तो, त्याची बायको वंदना आणि लॅपटॉप पुढ्यात घेतलेली त्यांची मुलगी मृणाल. न्यूझीलंडला जायचं ठरलेलं, तिकिटं काढून झालेली, व्हिसा आलेला. मी, बाळ्या आणि वंदना, तिघांनी तिथे एक मोटरहोम भाड्याने घ्यायची, म्हणजे आत पलंग, शेगडी, संडास सगळं असलेली मोठी गाडी, आणि सोळा दिवस त्या गाडीतच राहायचं, फिरायचं. तिच्या बुकिंगचा फॉर्म मृणाल भरत होती. बाळ्याने सगळ्या सहलीचा तक्ता करून त्याची रंगीत प्रिंट काढून ठेवलेली. जन्मभर कंपनीत मॅनेजरकी केली, त्याला तक्त्याशिवाय शिंकसुद्धा येत नाही. तक्त्यात ‘जबाबदारी’ असा एक रकाना होता. बाळकृष्ण: ड्रायव्हिंग. वंदना: फोटो. ताई: किचन.

माझ्या पर्समध्ये त्या वेळी इंटरनॅशनल परमिट होतं. बुधवारी कल्याणच्या आरटीओत दोन खेपा घालून मी ते आणलेलं, कुणाला न सांगता. म्हटलं, जेवताना हळूच काढून टेबलावर ठेवायचं आणि बाळ्याचं तोंड बघायचं. बासष्टाव्या वर्षी माणूस एवढा बावळट असू शकतो.

“मृणाल, माझं पण नाव घाल गं,” मी म्हटलं. “चालक म्हणून.”

मृणालने बापाकडे पाहिलं.

“एकच नाव लागतं, ताई,” बाळ्या म्हणाला. “आणि तू कशाला टेन्शन घेतेस? मागे सोफा आहे मस्त. चहा टाक, डोंगर बघ.”

“मी आत्ता डोंबिवलीहून इथे कशी आले? चालत?”

“अगं, ते वेगळं. ती तुझी छोटी गाडी. हे सात मीटरचं धूड आहे. आणि तिथे घाट आहेत.” मग तो खुर्चीत मागे रेलला, आणि मला कळलं आता काय येणार. चाळीस वर्षांत मी ते वाक्य तोंडातून निघायच्या आधी ओळखायला शिकलेय. “चौदा वर्षांचा होतो. अख्खा कशेडी घाट मारलाय मी मॅटॅडोरने. बाबा तापाने फणफणलेले. विचार ताईला.”

विचार ताईला! मी पर्स उचलली, गाडीची चावी उचलली आणि दाराकडे निघाले. वंदना मागे आली, “अहो ताई, जेवून तरी जा, बिरडं केलंय तुमच्यासाठी.” मी म्हटलं, “तुझ्या नवऱ्याला वाढ. त्याने घाट मारलाय.” साकेतचा पूल, मुंब्रा बायपास, शीळफाटा, दोन्ही बाजूंना कंटेनर आणि मधून मी, बडबडत, शिव्या घालत, दीड तास. त्या रस्त्यावर सतरा वर्षं गाडी चालवतेय मी. बाळ्याला ड्रायव्हर आहे. तो स्वतः रविवारी भाजी आणायला गाडी काढतो, ती पण आपोआप गिअर बदलणारी.

ठाण्याला एका वकिलाकडे मी तीस वर्षं टायपिस्ट होते. जगाचे जबाब टाईप केले, स्वतःचा एक कधी दिला नाही. तो आता देते. आणि राग आहे तोवरच लिहिते, कारण राग उतरला की मी पुन्हा ‘जाऊ दे’ म्हणेन. माझा मला भरवसा नाही.

आम्ही वागळे इस्टेटच्या कडेला चाळीत राहायचो. दोन खोल्या, पुढे अरुंद गॅलरी, आणि गॅलरीसमोर गटार ओलांडलं की लगेच कारखान्यांच्या भिंती. पत्रे दाबायच्या प्रेसचा धप्प धप्प आवाज दिवसभर यायचा. त्या ठेक्यावर आई भाकऱ्या थापायची, आम्ही पाढे म्हणायचो, आणि पाहुणे आले की त्यांना दर वाक्य दोनदा सांगावं लागायचं. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. शुक्रवारी सकाळी जाग यायची ती आवाज नसल्यामुळे. सगळ्या गल्ल्या मोकळ्या, कुत्री रस्त्याच्या मधोमध आडवी पडलेली. त्या दिवशी बाबा घरी असायचे म्हणून आई तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि कुळथाची पिठी करायची. कुळथाच्या फोडणीचा वास आणि बाबांच्या कपड्यांना लागलेला मशीनच्या तेलाचा वास हे दोन्ही माझ्या डोक्यात एकत्रच आहेत. अजून पिठी केली की मला तो तेलाचा वास येतो. सून म्हणते, “आई, काहीतरीच.”

बाबांची मॅटॅडोर होती, निळी, सेकंडहँड घेतलेली. कारखान्यांचा माल इकडून तिकडे पोचवायचा हा त्यांचा धंदा. क्लीनर ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून कॉलेज सुटलं की मी जायचे. बाबा आत माल मोजून घेत असायचे आणि अरुंद गल्लीत मागून ट्रक आला की भोंगा वाजवून जीव नकोसा करायचा. मग बाबा आतून ओरडायचे, “सुमे, जरा पुढे घे!” एवढंच. तिथून सुरुवात झाली. मग शुक्रवारी मोकळ्या गल्ल्यांमध्ये त्यांनी मला नीट शिकवलं. आणि खरं ते सांगायला पाहिजे, बाबा फार छान शिकवायचे. ओरडायचे नाहीत. मागे घेताना मी खिडकीतून मान बाहेर काढली की म्हणायचे, “मान आत. मान काढलीस की एकच बाजू दिसते. आरसे दोन आहेत.” उतारावर म्हणायचे, “ज्या गिअरने चढवशील त्याच गिअरने उतरव, ब्रेकवर जगू नको.” एकोणिसाव्या वर्षी मी ती गाडी दोन पिंपांच्या मधून मागे घ्यायचे आणि दोन्ही बाजूंना वीतभर जागा राहायची. तेव्हा बाबा बाजूला बसून विडी पेटवायचे आणि फक्त मान हलवायचे. त्या मान हलवण्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

बाळ्या माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तो मागे बसायचा, रिकाम्या माल ठेवायच्या जागेत, गोणपाटावर. चाळीतल्या आमच्या भिंतीवर एका रंगाच्या कारखान्याचं कॅलेंडर होतं. त्यात एका महिन्याला निळं तळं, मागे बर्फाचा डोंगर आणि तळ्याकाठी एक पांढरी गाडी, तिच्या खिडकीला चक्क पडदे. खाली बारीक अक्षरात न्यूझीलंड. तो महिना संपला तरी आम्ही पान उलटू दिलं नाही. आई त्या जुन्या पानावर चालू महिन्याची तिथी शोधत बसायची आणि आम्हाला शिव्या घालायची. बाळ्याने तेव्हाच ठरवून टाकलेलं. गाडीत घर. घरात शेगडी. “ताई गाडी चालवणार, आणि मी तिकिटं फाडणार,” तो म्हणायचा. शुक्रवारी मी इस्टेटला चक्कर मारली की मागून विचारायचा, “ताई, आता कुठे आलो?” मी म्हणायचे, “तळ्याला वळसा घालतोय.” आणि तिसऱ्या वळणाला तो ओकायचा. हमखास. त्याच्यासाठी वनस्पती तुपाचा एक रिकामा पिवळा डबा गाडीत कायम असायचा. त्या वयात त्याच्या मनात चालकाच्या जागी माझंच नाव होतं, हे मला त्या काचेच्या टेबलावर ओरडून सांगायचं होतं. नाही सांगितलं. जेवायच्या वेळेला घरात ओरडू नये म्हणून आईने शिकवलेलं अजून सुटत नाही.

आता घाट. आमचं गाव खेडच्या पुढे आत. शिमग्याला तिथे देवाची पालखी घरोघर येते, आणि आमच्या घरची पालखीची तारीख ठरलेली. त्या दिवशी घरचा कर्ता हजर नाही म्हणजे वर्षभर भावकीत तोंड दाखवायची सोय नाही. आम्ही मॅटॅडोरनेच जायचो. मागे गाद्या टाकलेल्या, वातीचा स्टोव्ह, पाण्याची कळशी, फडक्यात बांधलेली घावनं, शेंगदाण्याची चटणी. वाटेत झाड बघून थांबायचं, आई स्टोव्ह पेटवून चहा करायची. मोटरहोम म्हणजे आणखी काय वेगळं असतं? फक्त आमच्यात संडास नव्हता.

त्या वर्षी बाबांना आदल्या दिवसापासून अंगात तापाची कसर होती. ऐकतील तर शपथ. पहाटे निघालो, महाडपर्यंत त्यांनी कशीबशी चालवली. पोलादपूरला चहाला थांबलो तेव्हा त्यांना अशी थंडी वाजायला लागली की हातातला ग्लास कपड्यांवर सांडला. दात कडाकड वाजत होते. आई म्हणाली, “आज इथेच राहूया.” बाबा म्हणाले, “संध्याकाळी पालखी आहे दारात.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि चावी माझ्या हातात दिली. ते बाजूच्या सीटवर गोधडी पांघरून बसले, आई मागे बाळ्याला धरून.

माझ्याकडे लायसन्स नव्हतं. घाट मी कधी चालवला नव्हता. आजच्यासारखा बोगदा नव्हता तिथे, पुरा घाट वळणावळणाने वर आणि मग खाली. स्टिअरिंग असं जड की प्रत्येक वळणाला मी सीटवरून अर्धी उठून, अंगाचा भार टाकून ते फिरवायचे. समोरून एसटी आली की ती लाल भिंत अंगावर येतेय असं वाटायचं, आणि त्या एसटीचा ड्रायव्हर वरून वाकून बघायचा, कोण पोरगी आहे ही! अर्ध्या चढावर पुढे एक ट्रक बंद पडला. त्याच्यामागे मला थांबावं लागलं, चढावर, बाजूला दरी, मागे गाड्यांची रांग. हँडब्रेक त्या गाडीचा असून नसल्यासारखा. बाबा गोधडीतून म्हणाले, “अर्ध्या क्लचवर धर.” मी धरली. इंजिन गुरगुरत होतं, मागे आई ग्रामदेवतेचं नाव घेत होती आणि बाळ्या डब्यात ओकत होता. ट्रक बाजूला झाला, मी क्लच सोडला, गाडी बोटभरसुद्धा मागे न जाता पुढे निघाली. तेव्हा मी बाबांकडे बघितलं. डोळे मिटलेले, घाम फुटलेला, आणि त्यांनी मान हलवली. मी खाली उतरवली गाडी, ज्या गिअरने चढवली त्याच गिअरने. घाटाच्या पायथ्याशी थांबले आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागले. थांबवताच येईना. इतकी खूश मी लग्नातसुद्धा नव्हते.

तिथून गावापर्यंत मीच चालवली. गावाच्या अलीकडे एक पऱ्या, म्हणजे ओढा, लागतो, त्याच्या वळणावरून पहिलं घर दिसतं. तिथे बाबा म्हणाले, “थांबव.” थांबवली. “उतर. मागे जा.” मला वाटलं त्यांना उलटी होतेय. त्यांना काही होत नव्हतं. ते गोधडी बाजूला टाकून, दरवाजाला धरून धरून गाडीला वळसा घालून आले आणि माझ्या जागेवर बसले. “बाळ्या, तू पुढे ये,” म्हणाले. मी मागे गेले, गाद्या, कळशी आणि त्या डब्याशेजारी. पाचशे पावलांवर घर होतं. पाचशे पावलांसाठी त्यांनी मला उतरवलं.

अंगणात सगळी भावकी जमलेली. काकांनी बाबांच्या कपाळाला हात लावला आणि ओरडले, “अरे, भट्टी झालीय तुझी! घाट कसा चढवलास रे?” बाबा म्हणाले, “बाळ्या होता ना बाजूला. त्याने चालवली.” बस. मी कळशी उतरवत होते, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. एकदम जो काय गलका झाला! काकांनी बाळ्याला उचलून खांद्यावरच घेतलं. चौदा वर्षांचं पोर, वास्तविक तोंडाला अजून ओकारीचा वास येत होता त्याच्या. संध्याकाळी पालखी आली, ढोल वाजले, आणि मोठ्या पुरुषांनी त्याला पुढे ढकललं. पालखीला खांदा द्यायला. आमच्याकडे तो मान सहज मिळत नाही, पोरगं कर्तं झालं असं चारचौघांनी मानावं लागतं. बाळ्याच्या खांद्यावर दांडी आली, आणि तो नाचायला लागला, गुलालाने लाल. मी चुलीपुढे पुरणपोळ्या लाटत होते. लाटणं धरवत नव्हतं. दोन्ही दंड असे भरून आलेले की पोळी फाटत होती, आणि काकी म्हणाली, “एवढी घोडी झाली, पोळी लाटता येत नाही.”

आईने ते ऐकलं. सगळे बाहेर ढोलापाशी गेल्यावर तिने खोबरेल तेल गरम केलं, मला पाटावर बसवलं आणि माझे दंड चोळले. खांद्यापासून मनगटापर्यंत. मी म्हटलं, “आई, बाबा खोटं का बोलले?” ती म्हणाली, “जाऊ दे गं. दुखतंय ना अजून?” एवढीच ती पावती. मला मिळालेली, जन्मात.

पुढे काय झालं ते सगळ्या घरांत होतं तसंच. गोष्ट वाढत गेली. आधी ‘त्याने चालवली’, मग ‘अख्खा घाट’, मग ‘तुटलेल्या ब्रेकने’. बाळ्याच्या साखरपुड्यात, लग्नात, मृणालच्या बारशाला. तो अठरा वर्षांचा झाल्या झाल्या बाबा त्याला घेऊन आरटीओत गेले. मी तेव्हा लग्न होऊन डोंबिवलीत आलेली. माझं लायसन्स मी काढलं पंचेचाळिसाव्या वर्षी, आमच्या ह्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि आठवड्यातून तीनदा रिक्षा शोधायचा कंटाळा आला तेव्हा. टेस्टला साहेबाने विचारलं, “आधी कधी चालवलीत?” मी म्हटलं, “नाही.” बघा. मी पण नाहीच म्हटलं.

आणि त्याहून मोठं पाप सांगते. सासरी पहिल्या वर्षी सासूबाई माझ्या माहेरच्यांना नावं ठेवत होत्या, चाळीतले, टेम्पोवाले. तेव्हा मी ताठ मानेने सांगितलं, “माझ्या भावाने चौदाव्या वर्षी घाटातून गाडी काढलीय.” माझ्या तोंडाने! माहेरची शान वाढवायला बाईजवळ आणखी असतं काय, भाऊच असतो. मी माझी वस्तू उचलून स्वतः त्याच्या खिशात घातली. हे आठवलं की मला बाबांचा येतो त्याहून जास्त राग माझा येतो, आणि मग पुन्हा बाबांचा येतो, कारण हे मला शिकवलं कोणी?

तर बाळकुमहून तणतणत आले त्याला आठवडा झाला. बाळ्या रोज सकाळी फोनवर गुलाबाची फुलं पाठवत होता, सुप्रभात लिहिलेली. मी एकालाही उत्तर दिलं नाही. मग मृणालचा फोन आला. “आत्या, एक लोचा झालाय. आपल्या तारखांना ऑटोमॅटिक गाडी शिल्लकच नाहीये. गिअरवाली घ्यावी लागणार, आणि बाबांनी वर्षानुवर्षं क्लच दाबलेला नाही. वागळे इस्टेटला एकजण व्हॅनच्या कॅम्पर, म्हणजे तसल्याच राहायच्या गाड्या, बनवतो, तो एक तास गाडी देतोय सरावाला. शुक्रवारी. तू येशील? प्लीज?”

शुक्रवारी म्हणाली म्हणून गेले. इस्टेट आता पुष्कळ बदललीय, अर्ध्या कारखान्यांच्या जागी काचेची ऑफिसं आहेत आणि आमच्या चाळीच्या जागी वीस मजले उभे आहेत. पण त्या आतल्या गल्लीत शुक्रवारची ती शांतता तशीच होती, आणि कुत्री तशीच रस्त्याच्या मधोमध. बाळ्या स्पोर्ट्स शूज घालून आलेला. मी त्याच्याशी बोलले नाही. तो स्टिअरिंगवर बसला, मी बाजूला, मृणाल मागच्या सोफ्यावर. तीन वेळा गाडी बंद पडली. चौथ्यांदा उडी मारून निघाली. वळणावर मागचं चाक फुटपाथवर चढलं आणि खाली आदळलं, मागे कपाटातली भांडी खणखणली. मग मागे घ्यायची वेळ आली. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली, पूर्ण, खांद्यापर्यंत, आणि दुसऱ्या बाजूचं पिंप धाडकन आडवं केलं. कॅम्परवाला धावत आला. बाळ्या घामाने भिजलेला.

मृणाल मागून म्हणाली, “बाबा, मग त्या घाटात कशी चालवलीत तुम्ही?”

टोमणा नव्हता. पोरीला खरंच प्रश्न पडलेला. बाळ्याने समोर बघितलं, काचेतून, त्या रिकाम्या गल्लीकडे.

“मी नव्हती चालवली,” तो म्हणाला. “ताईने चालवली. मी मागे ओकत होतो.”

मला वाटायचं, हे वाक्य ऐकलं की मी सुटेन. रडेन बिडेन. काही नाही. माझ्या डोक्यात जाळ झाला. एवढंच होतं ते? एवढंसं वाक्य, एका दमात संपणारं, आणि त्याला चाळीस वर्षं लागली?

“म्हणजे तुला माहीत होतं,” मी म्हटलं. “मला वाटायचं लहान होतास, विसरलास. बाबांनी सांगितलेलं खरं वाटलं तुला. मी तुला माफ करत होते रे मूर्खासारखी, इतकी वर्षं!”

“बाबांनी त्या संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणाले, कुणी विचारलं तर तूच चालवलीस. ताईचं लग्न व्हायचंय, भावकीत चर्चा नको.”

“आणि लग्न झाल्यावर?”

तो गिअरची मूठ तळहाताने पुसत राहिला.

“बाबा गेल्यावर? आई गेल्यावर? आणि त्या दिवशी, तुझ्या टेबलावर, मी समोर बसलेली असताना? विचार ताईला म्हणालास तू!”

“मला आवडायला लागलेलं ते, ताई,” तो म्हणाला, अगदी हळू. “पालखीला खांदा दिलेला ना मी. ते परत कसं देणार?”

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तो त्या सीटवर चौदा वर्षांचाच दिसत होता. पण म्हणून मी त्याला जवळबिवळ घेतलं नाही. तसलं काही इथे वाचायला मिळणार नाही. मी म्हटलं, “उतर.”

“काय?”

“उतर. मागे जा.”

तो उतरला. गाडीला वळसा घालून मागच्या दाराने चढला आणि सोफ्यावर मृणालशेजारी बसला. मी त्याच्या जागेवर सरकले, सीट पुढे ओढली, दोन्ही आरसे लावले. गाडी मागे घेतली, मान आत ठेवून, त्या उभ्या केलेल्या पिंपाच्या कडेने. कॅम्परवाला “अरे वा, मॅडम” म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. मान हलवायला तिथे कोणी नव्हतं. मग पहिला गिअर टाकला आणि इस्टेटला चक्कर मारायला निघाले, आमच्या चाळीच्या जागेवरून, जुन्या प्रेसच्या भिंतीवरून. तिसऱ्या वळणाला मागून आवाज आला.

“ताई... हळू घे गं जरा. मळमळतंय.”

मी हळू घेतली नाही.

त्या संध्याकाळी मृणालने माझ्यासमोर फॉर्म भरला. मुख्य चालक: सुमन. खाली तीन ओळी रिकाम्या राहिल्या, बाळ्याने स्वतःच नको म्हटलं. त्याच्या त्या रंगीत तक्त्यावर माझ्या नावापुढचं ‘किचन’ मी पेनने खोडून त्याच्या नावापुढे लिहिलं, आणि पाठीमागे सामानाची यादी करायला घेतली. कुळथाचं पीठ. गोडा मसाला. गरम पाण्याची पिशवी. वंदनाचं गुडघ्याचं औषध. आणि शेवटी, ठळक अक्षरात, बाळ्याला वाचता येईल असं: पिवळा डबा, एक, झाकणासकट.